जुनं लुगडं कापू नका, माप घ्या

 

आज शिवणकामाबद्दल बोलायचं आहे. पण ब्लाऊज, पिशव्या, शाळेचे गणवेश अशा कमाईच्या शिवणकामाबद्दल नाही. त्यावर आपण गटाच्या बैठकीत नेहमीच बोलतो. आज हौसेच्या शिवणकामाबद्दल बोलू. आपल्या आज्या-पणज्या जे कपडे घालत होत्या, ते घरच्या घरी पुन्हा शिवून पाहायचे, एवढीच ही हौस आहे.

याची गरज कुठून पडली, ते आधी सांगतो. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, १२ जानेवारीला जिजाऊंची, १५ फेब्रुवारीला सेवालाल महाराजांची आणि १९ फेब्रुवारीला शिवजयंती. या दीड महिन्यात प्रत्येक शाळेत, प्रत्येक तांड्यावर पोरींना नटवायचं असतं. मग आपण तालुक्याला जाऊन पोशाख भाड्यानं आणतो. तो चकचकीत, काखेत घट्ट, कमरेला ढगळ आणि बहुतेक वेळा नायलॉनचा असतो. नायलॉनचा शोधच मुळी १९३५ सालचा. जिजाऊंचा जन्म १५९८ सालचा. त्या काळी अंगावर असायचं ते सूत आणि रेशीम. बरं, हा फरक नुसता पुस्तकी नाही. कार्यक्रमात समई असते, निरांजन असतं, ओवाळणी असते. सुती कपडाही पेट घेतो, पण नायलॉन वितळून अंगाला चिकटतं आणि भाजलेली जखम खोल होते. लहान पोरीच्या अंगावर काय आहे, हे त्या दिवशी तरी बघायलाच हवं.

म्हणून आमच्या गटातल्या काही जणींनी ठरवलं की आपल्या पोरींचे पोशाख आपणच सुती कपड्यात शिवायचे. एक शिवला, दुसरा शिवला, आणि मग कार्यक्रम नसतानाही शिवू लागलो. परकर-पोलकं शिवलं, खणाची चोळी शिवली, तांड्यावरच्या मैत्रिणींनी फेटिया आणि कांचळी शिवली. पोरांसाठी बाराबंदी शिवली. कोणाला विकायला नाही, स्पर्धेला नाही. बघायचं होतं की हे जमतं कसं.

आता तुमच्या मनात जो प्रश्न आला, तोच आमच्या बैठकीत पहिल्याच दिवशी आला. एक ताई म्हणाली, “याचे पैसे भेटतेत काय?” प्रश्न खोटा नाही. मशीन कर्जातून आलेलं असतं. हप्ता दर महिन्याला दारात उभा असतो. त्या मशीनवर बिनपैशाची टीप मारायची म्हणजे घरच्यांच्या कपाळावर आठ्या येणारच. एकीच्या घरी तर सरळ विचारलं गेलं की एवढा वेळ आहे तर दोन ब्लाऊज जास्त का नाही शिवत?

यावर आमच्यात बरंच बोलणं झालं. एक जण म्हणाली की गावातले पुरुष दुपारी पारावर पत्ते खेळतात, त्यांना कोणी त्या वेळेचा हिशेब मागत नाही. दुसरी म्हणाली, तुलना कशाला, आपल्याला आवडतं म्हणून करू. शेवटी आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. पहिली, आठवड्यातून एकदाच बसायचं आणि दोनच तास. दुसरी, कपडा घरातलाच घ्यायचा: जुनं धोतर, उरलेला मांजरपाट, फाटलेल्या साडीचा धड भाग. तिसरी, शिलाई होईल तितकी हातानं करायची, म्हणजे मशीन कमाईला मोकळं राहतं. जुने कपडे मशीन येण्याआधीचेच आहेत, त्यामुळे हातशिलाईच त्यांना शोभते. आणि हेही ठरवलं की कोणाला पुढे यातून धंदा करायचा असेल तर तिनं खुशाल करावा, पण त्याचा हिशेब वेगळ्या वहीत. सगळ्याच हौसेचा धंदा झाला पाहिजे, असं नाही. बाईच्या हाताला जे काम येतं, त्यातलं थोडं तिच्या स्वतःच्या आनंदासाठी असावं, एवढंच आमचं म्हणणं आहे.

वेळ कोणता घ्यायचा, तेही सांगतो. डिसेंबरात तूर आणि कापूस असतो, तेव्हा सुई हातात धरायला सवड मिळत नाही. चैत्र-वैशाखाच्या दुपारी उन्हात बाहेर पडवत नाही, तेव्हा शिवायला घ्या. जानेवारीत पेटीतून काढला की पोशाख तयार.

आता मुख्य गोष्ट. ही हौस सुरू झाल्यावर आमच्यासमोर जो पेच आला, तो तुमच्याही घरात येणार आहे, म्हणून नीट ऐका.

आमच्यातल्या एका सत्तरीच्या आजींकडे त्यांच्या आईचं लुगडं होतं. रेशीमकाठी, नऊ वार, कुठे कुठे विरलेलं. घरात लग्न निघालं. नातसुनेला हळदीसाठी शिवलेली नऊवारी हवी होती. आजकाल शिवलेली नऊवारी सगळीकडे मिळते, सलवारीसारखी पायात चढवायची आणि नाडी बांधायची. लुगडं घरात आहेच, तर तेच कापून शिवू, असं ठरलं. कात्रीही आली. आजी फक्त एवढंच म्हणाल्या, “कापू नोको माय. माह्या आईच्या अंगावरचं हाय ते.”

आम्ही तिथे होतो म्हणून दुसरा मार्ग सुचवता आला. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर सलग कापड. त्याला एकही शिवण नाही. त्याची खुबी हीच आहे की ते बारीक बाईलाही होतं आणि जाड बाईलाही. मुलगी बाळंत झाली, अंगानं भरली, तरी तेच लुगडं चालतं. सासूचं सुनेला, सुनेचं नातीला होतं. एकदा कात्री लागली की ते एकाच कमरेच्या मापाचं होऊन बसतं. दहा वर्षांनी ते कोणालाच होत नाही आणि मग बोहारणीकडे जातं.

म्हणून कापायच्या ऐवजी कच्चा टाका घाला. कृती अशी. आधी एका जाड सुती कापडाची कमरेच्या मापाची पट्टी शिवा, चार बोटं रुंद, तिला नाडी किंवा हुक लावा. मग जिला नेसायचं आहे तिला लुगडं नेहमीसारखं नेसवा. निऱ्या, कासोटा, पदर सगळं जागेवर बसलं की प्रत्येक ठिकाणी वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं एक-एक खुणेचा टाका घ्या. टाचणी नको, जुन्या रेशमाला टाचणीचं भोक कायमचं राहतं आणि विसरली तर गंजते. मग लुगडं उतरवा, निऱ्यांची वरची कड त्या पट्टीला लांब-लांब धावदोऱ्यानं जोडा. कासोट्याचं टोकही तसंच. काठावर आणि जरीवर मशीनची टीप अजिबात मारायची नाही. घालताना पट्टी कमरेला बांधायची, कासोटा मागे खोचायचा, पदर घ्यायचा. झालं. कार्यक्रम संपला की दोरा ओढा, लुगडं पुन्हा नऊ वार सलग.

त्या लग्नात तसंच केलं. हळद लागणार म्हणून नातसून नेसली ते नव्या सुती साडीचं, आईचं लुगडं आजींनी स्वतः लग्नाच्या दिवशी खांद्यावर घेतलं.

एक काळजी मात्र घ्या. जुनं रेशीम घडीवर चिरत असेल, बोटानं हलकं ताणलं तरी तडकत असेल, तर ते नेसायचं नाही. त्याचं फक्त माप घ्यायचं.

माप घ्यायचं म्हणजे काय? जुना कपडा समोर ठेवायचा, त्याची एकही शिवण न उसवता त्याचा प्रत्येक तुकडा मोजायचा आणि कागदावर उतरवायचा. हे काम जगात मोठ्या विद्वान बायकांनी केलेलं आहे. इंग्लंडमध्ये जॅनेट अर्नॉल्ड नावाच्या बाई होत्या. तिकडच्या संग्रहालयांत दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीचे बायकांचे मोठे घेरदार झगे जपून ठेवलेले आहेत. या बाईंनी ते झगे मोजले, चौकटीच्या कागदावर त्यांचे बारीक नकाशे काढले आणि १९६४ साली त्याचं पुस्तक केलं. तिकडे कितीतरी बायका आज घरी बसून हौसेनं तसे जुने झगे शिवतात, त्या तिच्या नकाशांवरून शिवतात. जुना झगा संग्रहालयातच राहतो, आणि नवा घरी तयार होतो. आपल्या लुगड्याचं, चोळीचं, फेटियाचं असं माप कोण काढणार? ज्यांच्या पेटीत ते कपडे आहेत, त्यांनीच काढायला हवं.

पोरांच्या गणिताच्या आलेखाच्या वहीत माप सुंदर उतरतं. एक चौकोन म्हणजे एक इंच धरा. कपडा स्वच्छ चादरीवर पसरा. आधी पूर्ण लांबी आणि रुंदी. मग पाठ, पुढचे तुकडे, बाही, काखेतला तुकडा, गळा, बंद, एकेक करून. शिवण कोणती आहे ते लिहा: धावदोरा, तुरपाई की बखिया. एका इंचात किती टाके आहेत तेही मोजा. कापडाचा ताणा उभा आहे की आडवा, ते बघा. आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाचं लिहा: हा कपडा कोणाचा, माहेर कुठलं, तो कधी घालायची, कोणी शिवला. आम्ही याला मापवही म्हणतो.

मोजताना जे कळतं, ते नुसतं बघून कळत नाही. जुन्या हाताच्या चोळीत कापड वाया गेलेलं दिसत नाही. आज आपण ब्लाऊज बेततो तेव्हा गळ्याची, काखेची गोलाई कापतो आणि चिंध्या उरतात. जुन्या शिलाईत बहुतेक तुकडे सरळ किंवा तिरपे असतात. गोलाई नसेल तर हात वर कसा होईल? त्यासाठी काखेत एक वेगळा चौकोनी तुकडा तिरपा बसवलेला असतो. तो आपण एकदा शिवून बघितला, की भाड्याच्या पोशाखात हात वर केल्यावर काख का फाटते ते लगेच कळतं. ज्या बाईनं तो तुकडा बसवला, तिला लिहिता येत नसेल, पण कापडाचं गणित तिला पक्कं येत होतं. कापड महाग होतं, म्हणून एक बोटही वाया जाऊ द्यायचं नव्हतं.

शब्दही सापडतात. आपल्याकडच्या म्हाताऱ्या ब्लाऊजला झंपर म्हणतात. तो शब्द इंग्रजीतल्या जंपरवरून आला. म्हणजे साहेबाच्या देशातली फॅशन आपल्या खेड्यातल्या बाईच्या अंगावर पोचली, आणि शब्द इथेच राहिला. खण हा चोळीच्या कापडाचा शब्द, तो कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या मागावरून आजही येतो. आपल्या विदर्भात करवतकाठी साडी विणतात, तिच्या काठाला करवतीसारखे दाते असतात, म्हणून ते नाव.

तांड्यावरच्या मैत्रिणींची गोष्ट वेगळी सांगायला हवी. कांचळी पुढून आरशांनी, कवड्यांनी, रंगीत टाक्यांनी भरलेली असते आणि पाठीवर फक्त बंद असतात. फेटियाला भरपूर घेर असतो आणि काठावर रंगीत पट्ट्या. एक-एक कांचळी भरायला महिने लागत. आपल्या मानोरा तालुक्यात पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ पासून बंजारा विरासत संग्रहालय सुरू झालं आहे, नंगाऱ्याच्या आकाराची इमारत आहे. गटाची सहल काढायची असेल तर जरूर जा. आणि तिकडे कर्नाटकात सांडूरच्या लंबाणी बायकांनी २०२३ साली हंपीच्या जी-२० बैठकीच्या वेळी आपल्या भरतकामाच्या १७५५ वस्तू एकत्र मांडून जागतिक विक्रम केला. म्हणजे ज्या कामाला आपल्याकडे पोरी “जुनाट” म्हणतात, ते बघायला जग येतं.

पण आपल्याकडे काय होतं? आमच्या ओळखीच्या एका तांड्यावर फिरता व्यापारी आला. जुनी फेटिया, कांचळ्या द्या, स्टीलची भांडी घ्या, असं म्हणाला. एका घरातून याडीची लग्नातली कांचळी गेली. बदल्यात एक डबा आला. पुढे नातीला ती शिवायची होती. घरात लग्नाचा एक फोटो होता. आम्ही सगळ्या जणी तो फोटो घेऊन बसलो. पण फोटोवरून आरसे मोजता येईनात, आतल्या बाजूची शिवण दिसेना, बंद कुठे जोडले तेही कळेना. दुसऱ्या तांड्यावरची कांचळी मागून आणली, पण तिचा टाका वेगळा होता. नातीनं कांचळी शिवली, छान शिवली. ती तिच्या याडीची मात्र झाली नाही. जरीच्या साड्यांचंही तेच. जुनी जर घेणारे येतात, साडी जाळून तिच्यातली चांदी काढतात. गरजेला विकावं लागतं, त्यात दोष कोणाचाच नाही. पण देण्याआधी अर्धा तास बसून माप तरी घ्या. माप घेतलेला कपडा दारातून गेला तरी घरातून जात नाही.

आता एक अवघड गोष्ट. जुना पोशाख म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राणी येते, पैठणी येते, नथ येते. पण आपल्यापैकी किती जणींच्या पणज्या पैठणी नेसत होत्या? आमच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एक ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, माझ्या पणजीला लुगडं घोट्यापर्यंत नेसायची मुभा नव्हती, तिचं काय शिवू? खोली शांत झाली.

हे खरं आहे. कोणी कसं नेसायचं, कोणी कोणता दागिना घालायचा, हे जातीवर ठरत असे. लांबून बाई दिसली तरी कपड्यावरून तिची जात ओळखू यावी, अशी ती रीत होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे जमलेल्या बायकांशी वेगळं बोलून सांगितलं होतं की अस्पृश्यतेची खूण सांगणारी ही नेसण्याची पद्धत सोडा, हातभर गोट-पाटल्या आणि गळाभर जड माळा सोडा, स्वच्छ राहा, लुगडं इतर बायकांसारखं नेसा. आणि तिथून परतण्याआधीच बायकांनी लुगड्याची ठेवण बदलली, अशी नोंद त्या परिषदेच्या हकिकतींत आहे. विचार करा, एका रात्रीत. कपडा तोच, फक्त चार बोटं खाली सोडला. पण त्या चार बोटांत किती पिढ्यांचं ओझं उतरलं!

त्या ताईनं मग काय शिवलं? तिनं एक साधं जाडंभरडं सुती लुगडं घेतलं आणि ते दोन्ही तऱ्हांनी नेसून दाखवलं. आधी गुडघ्याच्या खालपर्यंत, मग घोट्यापर्यंत. आमच्या कार्यक्रमात त्या दिवशी पोरींनी सगळ्यात जास्त प्रश्न तिलाच विचारले. म्हणून आमचं सांगणं असं आहे की पोशाख शिवताना फक्त राणीचा शिवू नका. निंदणाऱ्या बाईचा शिवा, वीटभट्टीवरच्या बाईचा शिवा, दाईचा शिवा. पोरी त्यातही इतिहास बघतील. आणि कोणत्या पोरीला जिजाऊ करायचं, कोणत्या पोरीला दासी, हे ठरवताना रंग आणि आडनाव बघू नका.

दुसरी गोष्ट खरेपणाची. जे माहीत आहे ते माहीत आहे म्हणून सांगावं, जे अंदाजानं शिवलं ते अंदाजानं म्हणून सांगावं. जिजाऊंच्या काळात कॅमेरा नव्हता. आपण शिवतो तो पोशाख त्या काळच्या चालीवरून केलेला अंदाज आहे, तो तसाच सांगायचा. पण डॉ. आनंदीबाई जोशींचा पोशाख शिवायचा असेल तर अंदाजाची गरज नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकत होत्या. तिथे १० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेला त्यांचा फोटो आहे. सोबत जपानची एक आणि सीरियाची एक विद्यार्थिनी आहे. जपानी बाई किमोनो घालून, सीरियाची बाई तिच्या देशाच्या पोशाखात आणि आपल्या आनंदीबाई लुगड्यात. चहूकडे कमरेला आवळलेले घेरदार झगे घालणाऱ्या बायका असताना तिघीही आपापल्या देशाच्या कपड्यात आहेत. तो फोटो शाळेच्या पोरींना दाखवा. तीन पोरी मिळून तिघींचे पोशाख शिवता येतील, आणि बाई डॉक्टर कशी झाली तेही सांगता येईल.

तुम्ही म्हणाल, आमच्या वाशीमसारख्या जिल्ह्यात जुना पोशाख बघायला काय आहे? तर ऐका. आपलं वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म. वाकाटक राजांच्या एका शाखेची ही राजधानी. त्या घराण्यातला राजा हरिषेण, पाचव्या शतकातला. त्याचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणं कोरवून घेतलं, तसा तिथे लेखच आहे. म्हणजे अजिंठ्याच्या भिंतींवर ज्या बाया रंगवल्या आहेत, त्या आपल्याच राजवटीच्या काळातल्या. त्यांच्यात राण्या आहेत तशा दासी आहेत, नाचणाऱ्या आहेत. कोणाचं वस्त्र पट्ट्यापट्ट्यांचं आहे, आणि लेणं क्रमांक १ मधल्या नर्तकीच्या अंगात तर लांब बाह्यांचा शिवलेला कपडा आहे. दीड हजार वर्षांपूर्वी सुई चालत होती, याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा.

आणि त्या भिंती बघून एका मराठी बाईनं पोशाख शिवून घेतले. भानू अथय्या. जन्म कोल्हापूरचा, २८ एप्रिल १९२९. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या. सुरुवातीला त्या बायकांच्या मासिकांसाठी कपड्यांची चित्रं काढत होत्या. पुढे सिनेमाचे पोशाख करू लागल्या. १९६६ सालच्या ‘आम्रपाली’ सिनेमासाठी त्यांनी अजिंठ्याची चित्रं अभ्यासली आणि त्यावरून नायिकेचे पोशाख केले. मग ‘गांधी’ सिनेमा आला. त्यात रेशीम-जरी फारसं नव्हतंच. खादी, धोतरं, गरिबांच्या साड्या, मळलेले सदरे, हजारो माणसांचे साधे कपडे. त्या साध्या कपड्यांसाठी त्यांना आणि त्यांच्या सोबत काम करणाऱ्या जॉन मोलो यांना १९८३ साली ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. पोशाख भारी असला म्हणजेच मोठा, असं नसतं, हे यातून घ्यायचं.

शेवटी ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी सोपं काम सांगतो. दहा वर्षांच्या पोरीचा परकर शिवा. कमरेपासून घोट्यापर्यंत २८ इंच धरा, दुमड आणि नेफ्यासाठी २ इंच जास्त. ३६ इंच पन्ह्याचं सुती कापड अडीच मीटर लागेल. ते आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, म्हणजे नंतर आटणार नाही. रंगीत असेल तर ओलं पांढरं फडकं घासून रंग जातो का बघा. ३०-३० इंचांचे तीन तुकडे करा, काठाला काठ जोडा, घेर १०८ इंच होतो. खाली तुरपाई, वर नेफा, नाडी. उरलेल्या कापडात खिसा निघतो. बोरं ठेवायला कामी येतो.

आणि जुने कपडे ठेवायचे कसे? प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत घाम धरतो. जुन्या धुतलेल्या पांढऱ्या धोतरात गुंडाळा. डांबरगोळी जरीला लागू देऊ नका. दर तीन-चार महिन्यांनी काढून सावलीत वारा द्या आणि घडी बदला, एकाच घडीवर जर तुटते. उंदीर आणि ओल, दोन्हींपासून पेटी जमिनीपासून वीतभर उंच ठेवा.

तर तायांनो, आमची एवढीच विनंती आहे. या आठवड्यात घरातली पेटी उघडा. सासूबाईंना, आईला, शेजारच्या म्हाताऱ्या मावशीला विचारा की त्यांच्याकडे काय आहे. एक कपडा काढा, चादरीवर पसरा, आलेखाची वही घ्या आणि माप उतरवा. माप घेताना त्या शेजारी बसल्या असतील, तर कपड्याबरोबर त्यांची गोष्टही वहीत येईल. पुढच्या बैठकीत बचतीच्या वहीसोबत ती वही आणा. आम्हीही आमची आणू.

जय जिजाऊ, जय सावित्री. नमस्कार.